स्पिरिदोनच्या गाडीची पाठ

९ नोव्हेंबर

आजपासून लिहायला घेतलं. कारण सरळ आहे: घरात माझं ऐकायला कोणी उरलं नाही. एकतीस वर्षं मी जिल्ह्याच्या रेडिओवर सकाळचं हवामान वाचलं. "नमस्कार, मी गावरील नेउस्त्रोएव. आज उणे अठ्ठेचाळीस," एवढं म्हटलं की नदीच्या अलीकडच्या घराघरांत लोक हातातला चहा हातातच धरून गप्प व्हायचे. आता निवृत्त झालो. आता मी म्हणतो, "आज उणे एकतीस," आणि माझी बायको वार्या म्हणते, "मग दार लाव."

मुलगी तुयारा हा हिवाळा आमच्याकडे आहे. पहिलटकरीण. जानेवारीच्या मध्यावरची तारीख दिलीय. जावई आयताल उत्तरेला हिऱ्याच्या खाणीत पाळीवर, मार्चशिवाय त्याची सुटका नाही. बाळंतपणाचं इस्पितळ नदीपलीकडे, याकुत्स्क शहरात. आमच्या लेना नदीवर इथे पूल नाही. बर्फ पुरेसा जाड झाला की त्याच्यावरूनच गाड्या जातात.

म्हणून मी गाडी घेतली. जपानी, पांढरी, वापरलेली. काल जेवताना उभं राहून जाहीर केलं की माझं नातवंड टॅक्सीबिक्सीतून नाही, आजोबाच्या गाडीतून जगात येणार.

वार्या म्हणाली, "हळू बोल. थंडी ऐकते."

तुयारा म्हणाली, "बाबा, तू हिवाळ्यात गाडी चालवलीयस कधी?"

चालवलेली नाही. रेडिओची गाडी न्यायला यायची आणि रेडिओचीच आणून सोडायची. पण 'उणे पन्नास' हे शब्द या जिल्ह्यात माझ्याइतक्या वेळा कोणी उच्चारले असतील का? अनुभव म्हणजे दुसरं काय असतं?

१५ नोव्हेंबर

गाडीची तयारी. प्रत्येक खिडकीला आतून दुसरी काच चिकटवली, नाहीतर आपलाच श्वास काचेवर गोठतो आणि आपण आंधळे. काम सुबक झालं. फक्त दोन काचांच्या मध्ये माझ्या अंगठ्याचा ठसा कायमचा राहून गेला. वार्या म्हणाली, "बरं झालं. काही झालं तर कोणी केलं ते कळेल."

रेडिएटरपुढे पुठ्ठा लावला. निरोप समारंभात मला चहाचा समोवार मिळाला होता, त्याच्याच खोक्याचा. इंजिनावर घालायला जाड लोकरी नमदा हवा होता, तो पलंगापाशी पसरलेला मिळाला. तो वार्याच्या आईने दिलेला होता हे कापून झाल्यावर समजलं. संध्याकाळी घरात फार शांतता होती.

१९ नोव्हेंबर

तेल बदललं, पातळ घातलं. टाकीत थोडं स्पिरिट ओतलं, म्हणजे पेट्रोलातलं पाणी गोठत नाही. उरलेलं स्पिरिट कुठे गेलं असं वार्या विचारत होती. मी म्हटलं, गाडीला लागलं.

रोज संध्याकाळी बॅटरी काढून वर आणतो आणि आमच्या खोलीत हीटरपाशी ठेवतो. वार्याने तिचं नाव 'सवत' ठेवलंय. "सवतीला पांघरूण घाल हो, तिला थंडी बाधेल." मी दुर्लक्ष करतो. पण काल खरंच घातलं.

२७ नोव्हेंबर

लिहायची इच्छा नाही. तरी लिहितो.

उणे एक्केचाळीस. आज पहिल्यांदा खऱ्या थंडीत गाडी काढायची होती. तुयाराला अलीकडच्याच दवाखान्यात तपासायला न्यायचं होतं. किल्ली फिरवली. गाडी झोपेतून उठवलेल्या म्हाताऱ्यासारखी एकदा कण्हली आणि परत झोपली. मी ब्लोलॅम्प पेटवून खाली आडवा झालो आणि तेलाच्या टाकीला आच द्यायला लागलो. गाडी पेटली नाही. माझी डावी भुवई पेटली.

आमच्या अंगणावर आठ घरांच्या खिडक्या उघडतात. प्रत्येक खिडकीत कोणीतरी होतं. दुसऱ्या मजल्यावर स्पिरिदोन चहा पीत उभा होता. तो हसत नव्हता, हेच जास्त लागलं. तुयारा शेवटी चालत गेली, आईचा हात धरून.

स्पिरिदोनबद्दल एकदाच लिहून ठेवतो. तो दातांचा डॉक्टर होता, माझ्यासारखाच निवृत्त. वीस वर्षांचा आमचा शेजार आणि चौदा-पंधरा वर्षांची मैत्री. त्याने माझ्या पाच दाढा काढल्यात. तीन वर्षांपूर्वी त्याच्या मुलीच्या लग्नात मी शुभेच्छांचं भाषण करायला उभा राहिलो. ऐन रंगात आलो होतो. नवऱ्या मुलाच्या पणजोबापर्यंत पोचलो होतो. तेव्हा या माणसाने शंभर पाहुण्यांसमोर माझी बाही ओढली आणि म्हणाला, "गावरील, बस आता. मांस गार होतंय." ज्याने माझं तोंड आतून पाहिलंय त्यानेच ते सगळ्यांदेखत बंद करावं! त्या दिवसापासून आमच्यात एक शब्द नाही.

संध्याकाळी स्वयंपाकघरात तुयारा रडत होती. "आई, ऐन वेळी नाही सुरू झाली तर? धुक्यात टॅक्सीवालेही येत नाहीत गं." वार्या तिला थोपटत होती. मी बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होतो. वर्तमानपत्र परवाचं होतं. माझी पोर माझ्यामुळे घाबरली होती, आणि मला स्वतःचीच लाज वाटली.

२९ नोव्हेंबर

तुयारा फेवरोन्याकडे गोठवलेल्या लाल बोरांचा मुरंबा आणायला गेली होती. फेवरोन्या म्हणजे स्पिरिदोनची बायको, बालवाडीत स्वयंपाक करते. बायकांचं आपसांत कधीच तुटलं नव्हतं. मुरंबा घ्यायला एवढा वेळ कसा लागला कोण जाणे. आली ती रिकाम्या हातांनी, पण चेहरा हलका होता. म्हणाली, विसरले.

२ डिसेंबर

उणे त्रेचाळीस आणि गाडी एका किल्लीत सुरू झाली! एका किल्लीत. इंजिन असं बोललं की मी टोपी काढली, आणि लगेच परत घातली.

चूक माझी नव्हतीच. पातळ तेल मुरायला दिवस लागतात, हे मला आधीपासून वाटत होतं. अंगणात दोनतीन फेऱ्या मारल्या. रात्रभर उभं राहून टायर खालून चपटे होतात, त्यामुळे सुरुवातीला गाडी लंगड्या घोड्यासारखी उडत होती. पण उडत होती.

वार्याला म्हटलं, "बघ, थंडी ही डोक्याने जिंकायची असते."

ती म्हणाली, "हो, डोक्यानेच. गाडी रोज लावतोस तिथेच लावत जा. जागा बदलू नकोस."

बायकांना कशातही शकुन दिसतो.

५ डिसेंबर

स्पिरिदोनने नवीन आगळीक सुरू केलीय. इतकी वर्षं त्याची हिरवी गाडी फाटकापाशी असायची. आता तीन-चार दिवस तो संध्याकाळी ती मागे घेत घेत माझ्या गाडीच्या अगदी पुढ्यात आणून उभी करतो. माझ्या गाडीचं तोंड, त्याच्या गाडीची पाठ. बोलत नाही तर नाही, पण ही पाठ दाखवायची कुठली रीत?

त्याच्याकडे ते रिमोट आहे. पहाटे अंथरुणात पडल्या पडल्या बटण दाबतो आणि खाली गाडी आपोआप सुरू होते. आळशी लोकांचं यंत्र. मग त्याचा सायलेन्सर तास-दीड तास माझ्या गाडीच्या तोंडावर धूर सोडत बसतो. मी खाली उतरेपर्यंत तो फेवरोन्याला बालवाडीत सोडायला निघून गेलेला असतो, त्यामुळे समोरासमोर पकडता येत नाही. माझी नंबरप्लेट काळीकुट्ट झालीय. माझ्या गाडीच्या तोंडाला अक्षरशः काळं फासलंय या माणसाने.

८ डिसेंबर

वर कचराही टाकतो. आज माझ्या गाडीपुढे बर्फात शेगडीच्या धुराड्याचा एक लांबच लांब नळा पडलेला. पत्र्याचा, काजळीने भरलेला, एक टोक माझ्या बॉनेटखाली घुसलेलं. उचलून कचऱ्यापाशी फेकला.

गाडी एका किल्लीत सुरू.

९ डिसेंबर

नळा परत तिथेच. परत फेकला.

गाडी एका किल्लीत सुरू.

१० डिसेंबर

परत. या माणसाला लाज कशी ती नाहीच. आणि तो दातांचा डॉक्टर, आयुष्यभर लोकांना स्वच्छता शिकवायचा.

तुयाराला म्हटलं, "मी तक्रार करणार आहे." ती म्हणाली, "बाबा, नको ना. मला त्रास होतो भांडणांचा." तिच्यासाठी गप्प बसलो. घरात सगळे त्याच्या बाजूचे होत चाललेत असा मला संशय आहे.

१७ डिसेंबर

अंगणातले दोन-चार लोक मला विचारायला लागलेत. तळमजल्यावरचा येगोर म्हणाला, "गावरीलदादा, तुमची रोज सुरू होते आणि माझी होत नाही. करता काय?" मग मी त्याला सगळं नीट सांगितलं: तेल, नमदा, पुठ्ठा, बॅटरीची निगा, हँडब्रेक कधीही ओढायचा नाही (ओढला तर वसंतापर्यंत सुटत नाही), आणि मुख्य म्हणजे मनाचा निर्धार. बोलता बोलता त्याचे गाल पांढरे पडले तेव्हा लक्षात आलं की आपण बाहेर उभे आहोत.

स्पिरिदोन फाटकापाशी बर्फ खरवडत होता. ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हटलं, "काहींना नुसती यंत्रं लागतात." त्याने वर पाहिलंसुद्धा नाही. खरवडायचं थांबला मात्र, आणि खांदे हलत होते. रागावला असावा.

२१ डिसेंबर

नदीवरची वाट हलक्या गाड्यांना उघडली. आज वार्याला घेऊन पलीकडे जाऊन आलो, सरावासाठी. बर्फावर उतरण्यापूर्वी सगळ्यांनी पट्टे सोडायचे आणि दारं किलकिली ठेवायची, म्हणजे वेळ आलीच तर उडी मारता येते. नदीला आधी नैवेद्याचं धिरडं द्यायचं असतं ते मी विसरलो. वार्याने पिशवीतून काढून टाकलं आणि पुटपुटली, "हा बोलतो फार, पण मनाचा वाईट नाही." नदीशी बोलत होती.

मी जाताना आणि येताना बर्फाच्या जाडीबद्दल माहिती दिली. वार्याला दोन्ही वेळा झोप लागली.

३ जानेवारी

नवं वर्ष झालं. गोठलेल्या माशाची पातळ सालपटं, घोड्याचं मांस, सगळं व्यवस्थित. आज उणे एकावन्न. शाळा बंद. माझ्या जागेवर आलेली नवी मुलगी रेडिओवर 'उणे एकावन्न' असं म्हणते जणू बटाट्याचा भाव सांगतेय.

गाडी एका किल्लीत सुरू. मला आता स्वतःचंच भय वाटायला लागलंय.

१० जानेवारी

आज डोकं फिरलं.

आयतालसाठी तुयाराचा आणि गाडीचा फोटो काढायचा होता. 'तुझं बाळ या रथातून जाणार' असं खाली लिहिणार होतो. नंबरप्लेट पुसून काढली तर बंपर काळा, बंपर पुसला तर दिवे पिवळे पडलेले. आणि पायाखाली तोच तो नळा. महिनाभर मी फेकतोय आणि हा आणून ठेवतोय.

नळा उचलला आणि मागच्या घाणेरड्या बर्फाच्या टेकाडात, जिथे सगळे भांड्यांचं पाणी ओततात, तिथे खोल खुपसला. मग गाडी काढली आणि लाकडांच्या शेडच्या मागे नेऊन भिंतीला नाक लावून उभी केली. आता दाखव पाठ कोणाला दाखवायची ती.

वार्या खिडकीतून बघत होती. वर गेलो तर म्हणाली, "गावरील, गाडी होती तिथे ठेव. हात जोडते."

"का पण?"

ती तुयाराकडे बघत राहिली. तुयारा म्हणाली, "आई, सांगू नकोस. सांगितलं तर आणखीनच नेईल लांब."

काय सांगू नकोस, ते मी विचारणार होतो, पण तेवढ्यात बातम्या लागल्या.

१२ जानेवारी

कालचं सगळं लिहितो. हात अजून सुजलेले आहेत, अक्षराला हसू नये.

काल सकाळी चहा होत होता. तुयारा दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा." एवढंच. मी कप ठेवला आणि म्हटलं, "गाडी तयार आहे." या वाक्याची मी दोन महिने तालीम केली होती. छान आलं.

उणे त्रेपन्न. धुकं असं की आपलाच हात उसना वाटावा. बॅटरी छातीशी धरून शेडमागे गेलो, बसवली, किल्ली फिरवली. टक्. परत फिरवली. टक्. कण्हणंसुद्धा नाही. तेलाची काडी ओढून पाहिली तर ती निघेना. आत गुळाचा घट्ट पाक झालेला.

ब्लोलॅम्प पेटवायला गेलो तर तोच गोठलेला. मी त्याला कोटात धरलं, त्याच्यावर फुंकर घातली, शेवटी पेटला. गाडीखाली उताणा पडलो आणि ज्योत धरली. आणि मग गाडीशी बोलायला लागलो. आधी समजावलं, मग शिव्या घातल्या, मग रेडिओच्या आवाजात विनंती केली. वर माझी पोर कळा देत होती आणि मी इथे पत्र्याला भाषण देत होतो. मला इतकी भीती आयुष्यात कधी वाटली नव्हती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. स्वतःच बढाई मारली, स्वतःच जागा बदलली, आणि भोगणार कोण, तर ती.

डोक्याशी हरणाच्या कातड्याचे बूट येऊन थांबले.

"गावरील," स्पिरिदोनचा आवाज. तीन वर्षांनी. "बाहेर ये."

"होतेय. होईल आता."

"गाडी इथे का आणलीस?"

"तुझ्या धुरापासून वाचवायला."

तो खाली वाकला. मग तो म्हणाला, "अरे गाढवा, त्या धुरावर तर ती चालत होती."

मी उठून बसायला गेलो आणि गाडीच्या पोटावर डोकं आपटलं. तिथेच, आडवा असताना, मला सगळं एकदम समजलं. पाठ, सायलेन्सर, नळा. पहाटे दीड तास तो माझं इंजिन शेकत होता आणि मी येगोरला मनाच्या निर्धारावर व्याख्यान देत होतो. फाटकापाशी त्याचे खांदे का हलत होते तेही समजलं.

"आज पहाटे नळाही सापडेना, गाडीही सापडेना," स्पिरिदोन म्हणाला. "फेवरोन्याने तुयाराला माझ्या गाडीत बसवलंय. येतोस, की इथलं भाषण पुरं करायचंय?"

मागच्या सीटवर तुयारा सशाच्या कातड्याच्या गोधडीत, शेजारी वार्या. मी पुढे. स्पिरिदोन गाडी सुरू करताना आरशात बघून म्हणाला, "थोडं दुखेल हं." सवयीने.

तुयारा दात आवळत म्हणाली, "काका, तुम्ही सगळ्यांनाच हे सांगायचात."

नदीशी आलो. पट्टे सोडले, दारं किलकिली केली. फेवरोन्याने दिलेली धिरडी स्पिरिदोनच्या कोटाच्या खिशात होती. त्याने मूठ भरून बाहेर टाकली आणि काहीतरी पुटपुटला. आम्ही बर्फावर उतरलो.

मध्यावर धुकं दाटलं. पुढच्या गाडीचे लाल दिवे दिसेनासे झाले, मग अचानक अगदी नाकाशी दिसले. पुढे कोणीतरी अडलं होतं. रांग थांबली. बर्फावर थांबायचं नसतं, हे सगळ्यांना माहीत असतं म्हणून कोणी बोलत नाही. खालून एक आवाज आला, लांबच लांब, एका काठाकडून दुसऱ्या काठाकडे गेलेला. बर्फ असा आवाज करतोच, त्याला भ्यायचं कारण नाही. मी भ्यालो. तुयारा किंचाळली आणि मग तिला श्वासच घेता येईना. "आई, इथे नको, इथे नको," म्हणत होती. वार्या तिचे हात चोळत होती.

मी गप्प होतो. मला काही सुचत नव्हतं. हे लिहून ठेवण्यासारखं आहे.

स्पिरिदोनने समोरच बघत म्हटलं, "गावरील, बोल."

"काय बोलू?"

"ते तुझं. सकाळचं."

मी तोंड उघडलं. पहिल्यांदा नुसती वाफ आली. मग आवाज आला. "नमस्कार. मी गावरील नेउस्त्रोएव. आज अकरा जानेवारी. ओयम्याकोन, उणे अठ्ठावन्न. वेर्खोयान्स्क, उणे छप्पन्न. वारा नाही." मी सावकाश वाचत होतो, जसं वीस वर्षांपूर्वी वाचायचो, जेव्हा ती लहान होती आणि शाळेला सुट्टी आहे का ते ऐकायला बूट घालून रेडिओपाशी बसायची. गावामागून गाव घेत गेलो. आकडे मनाचे होते. प्रत्येक गावाला ती एक श्वास घ्यायला लागली. घेतला, सोडला. "पहिली ते पाचवीच्या मुलांना शाळा नाही," मी म्हटलं, आणि मागून तुयारा रडत रडत हसली.

यादी संपली. मी थांबलो.

"थांबू नकोस," स्पिरिदोन म्हणाला.

"गावं संपली."

"मग परत पहिल्यापासून घे."

घेतली. रांग सरकली. तिसऱ्यांदा ओयम्याकोनला पोचलो तेव्हा पलीकडचा काठ चाकांना लागला.

दुपारी मुलगी झाली. काळे केस, आवाज खणखणीत. वार्या नर्सला म्हणाली, "आवाज आजोबाचा. देव तिच्या नवऱ्याचं भलं करो." मी भिंतीकडे तोंड करून रडलो. कोणी पाहिलं नाही, फक्त सगळ्यांनी पाहिलं.

व्हरांड्यात मी आणि स्पिरिदोन बाकावर बसलो होतो. त्याची गाडी बाहेर चालूच होती, बंद करायची कोणाची हिंमत. तो म्हणाला, "लग्नातलं तुझं ते भाषण. शेवटी तू काय म्हणणार होतास?"

मी खूप आठवलं. तीन वर्षं ते भाषण अर्धं राहिलं म्हणून मी जळत होतो, आणि शेवट काही केल्या आठवेना.

"तेच ना," स्पिरिदोन म्हणाला. "मांस मात्र खरंच गार होत होतं."

घरी परतल्यावर त्याने सगळे खिसे उलटे केले. रिमोट नाही. धिरड्यांबरोबर ते त्याने नदीला दिलं होतं.

१३ जानेवारी

माझी गाडी स्पिरिदोनने आणि येगोरने ओढून जुन्या जागी आणली. अंगणातल्या सगळ्या खिडक्यांत लोक. मी सर्वांना हात केला. पडलो तरी नाक वर ठेवायला हवं.

येगोर म्हणाला, "गावरीलदादा, तो निर्धार..."

मी म्हटलं, "येगोर, गप्प बस."

१७ जानेवारी

तुयारा आणि बाळ घरी आली. टॅक्सीने. मी टॅक्सीत पुढे बसलो होतो आणि एक शब्द बोललो नाही. टॅक्सीवाल्याने दोनदा विचारलं, तब्येत बरी आहे ना.

बाळ बॅटरीच्या जागी, हीटरपाशी झोपतं. सवतीला बाहेर स्वयंपाकघरात हलवलंय.

१९ जानेवारी

नवं रिमोट शहरातून यायचंय. तोवर स्पिरिदोनची गाडी रात्रभर थंड पडून राहते. आज सकाळी तो खाली वाकून ब्लोलॅम्प धरत होता. फेवरोन्या चालत बालवाडीत गेली. मी चहा पीत खिडकीत उभा होतो. मी हसत नव्हतो.

२१ जानेवारी

दिवसभर नळा खणत होतो. घाणेरड्या बर्फाचं ते टेकाड आता दगड झालंय, आणि दहा दिवसांत आठ घरांनी त्याच्यावर आणखी भांडी विसळलीत. पहार घेऊन एकेक थर फोडला. बटाट्याची सालं, चहाची पत्ती, माशाचे काटे, सगळं गोठून एकजीव. वार्या वरून ओरडली, "सोनं पुरलंयस का तिथे?" शेवटी संध्याकाळी नळ्याचं टोक लागलं. उपसताना थोडा चेपला, पण भोक नाही.

२२ जानेवारी

माझी गाडी काल रात्री दोन तास ब्लोलॅम्पने शेकून सुरू केली आणि पहाटेपर्यंत चालूच ठेवली, पांघरुणाखाली. पेट्रोल किती जातं ते वार्याला सांगितलेलं नाही. पहाटे खाली उतरलो, मागे घेत घेत तिची पाठ स्पिरिदोनच्या गाडीच्या तोंडाशी आणली, नळा सायलेन्सरला लावला आणि दुसरं टोक त्याच्या बॉनेटखाली सरकवलं. मग वर येऊन खिडकीच्या पडद्याआड उभा राहिलो. बाळ माझ्या खांद्यावर होतं.

सातच्या सुमाराला स्पिरिदोन आणि फेवरोन्या खाली आले. त्याने स्वतःची गाडी पाहिली. बंपर काळा झाला होता, नंबरप्लेटही. तो खाली वाकला, हातमोज्याने एक अक्षर पुसून पाहिलं. मग नळा पाहिला. कमरेवर हात ठेवून, सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं म्हणाला, "कोण आहे हा माणूस? कचरा टाकतो इथे."

फेवरोन्या तोंडाला शालीचं टोक लावून उभी होती.

मला वाटलं, आता फेकणार. त्याचा हक्कच होता.

स्पिरिदोन गुडघ्यावर बसला. मी नळा वाकडा लावला होता, अर्धी ऊब बाहेरच जात होती. त्याने तो धरून थोडा आत ढकलला, सरळ केला, टोकाशी पायाने बर्फ दाबला. मग उभा राहून, वर न बघता, फेवरोन्याला म्हणाला, "पाच मिनिटं थांबू. शेकू दे."